जुन्या गोव्याची पदयात्रा

आषाढी-कार्तिकीला पंढरीच्या वाटेने चालणारे वारकरी आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. डोईवर तुळशीवृंदावन घेऊन दिंडीत चालणाऱ्या स्त्रियाही आपण पाहतो. अशीच पदयात्रा ख्रिस्ती भाविक दरवर्षी जुन्या गोव्यास करतात.

संत फ्रान्सिस झेवियर हे स्पेन देशातील धर्मोपदेशक ६ मे १५४२ रोजी गोव्यास आले. पुढे ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांनी देह ठेवला. १५५४ साली त्यांचे शव गोव्यास आणण्यात आले. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस या चर्चमध्ये, चांदीच्या पेटीत, ते आजही जतन केलेले आहे. ३ डिसेंबर हा त्यांच्या सणाचा दिवस. त्यापूर्वीचे नऊ दिवस तेथे विशेष प्रार्थना चालतात. त्यांस नोव्हेना म्हणतात.

या सणासाठी सावंतवाडी, बेळगाव, कारवार अशा ठिकाणांहून भाविकांचे समूह पायी निघतात. त्यांत स्त्रियाही असतात. बेळगावच्या यात्रेकरूंना तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. प्रार्थना म्हणत व गीते गात वाट सरते. अशा यात्रेत वाटाड्याचे काम मोठ्या जबाबदारीचे असते. ऊन चढण्यापूर्वी मजल मारावी, पाण्याची व विसाव्याची जागा आधीच हेरावी आणि सर्वांत मागे राहणारीच्या पावलाने सर्वांस चालवावे, हे त्याला साधावे लागते.

स्त्रियांच्या यात्रेची ही परंपरा फार जुनी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ईजेरिया नावाची स्त्री पश्चिम युरोपातून यरुशलेमच्या यात्रेस गेली. सिनाई पर्वताचा उभा चढ ती पायी चढली. तेथील साधूंनी तिला वाट दाखविली, आणि जेथे भय होते तेथे रोमन सैनिकांनी सोबत केली. आपण पाहिलेले सर्व तिने मायदेशातील भगिनींना पत्ररूपाने लिहून कळविले. त्या लेखनाची एक अपुरी प्रत १८८४ साली इटलीत सापडली. म्हणूनच आज आपणांस तिची हकीकत ठाऊक आहे.

ईजेरियाला सैनिकांची सोबत लागली. दिंडीतील वा गोव्याच्या वाटेवरील स्त्रियांना एकमेकींचीच सोबत असते. एकटीला दूरची वाटणारी वाट अशा सोबतीने निर्धास्तपणे चालता येते. वाटेवरील गावांनी त्यांना पाणी द्यावे, सावलीत विसावा द्यावा व त्यांचा मार्ग निर्वेध ठेवावा, हे आपणा सर्वांचेच कर्तव्य होय.