डीएनए ग्रंथालये आणि औषधांचा धंदा

मूत्रपिंड निकामी झाले की रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे एरिथ्रोपोएटिन हे प्रथिन कमी पडते आणि रुग्णाला अ‍ॅनिमिया होतो. डायलिसिसच्या रुग्णांना म्हणूनच त्याचे इंजेक्शन देतात. हे औषध कारखान्यात तयार होऊ शकले ते डीएनए ग्रंथालयामुळे. या ग्रंथालयांचे प्रकार समजले की या धंद्यात पैसा कशात गुंततो हेही उमगते.

येथे पुस्तके नसतात. डीएनएचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकेका विषाणूत किंवा जिवाणूत घालतात. असा सगळा साठा म्हणजे ग्रंथालय.

पहिला प्रकार जिनोमिक ग्रंथालयाचा. यात सजीवाचा संपूर्ण डीएनए येतो. मानवी डीएनएत सुमारे ३०० कोटी जोड्या असतात. लॅम्डा विषाणूत सुमारे २० हजार जोड्यांचा तुकडा मावतो. साध्या हिशेबाने दीड लाख तुकडे पुरेत. पण तुकडे सरमिसळ येतात, काही पुन्हा पुन्हा, तर काही येतच नाहीत. म्हणून ९९ टक्के खात्रीसाठी सुमारे ७ लाख लागतात.

दुसरा प्रकार सीडीएनए ग्रंथालयाचा. पेशीतील संदेशवाहक आरएनएवरून उलट नक्कल करून ते बनवितात. ज्या अवयवातून आरएनए घ्यावा, त्यात चालू असलेलीच जनुके मिळतात. इन्शुलिन हवे तर स्वादुपिंडच घ्यावे लागते. जनुकातील निरर्थक मजकूर यात गळालेला असतो, त्यामुळे जिवाणूंना ते वाचता येते. या तुकड्यांपासून प्रथिनही तयार होईल अशी सोय केली, तर त्यास अभिव्यक्ती ग्रंथालय म्हणतात.

आता एरिथ्रोपोएटिनकडे वळू. १९७७ साली शिकागोचे युजीन गोल्डवॉसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सुमारे २,५५० लिटर लघवीतून हे प्रथिन शुद्ध केले. हाती आले ते जेमतेम काही मिलिग्रॅम. एवढ्यावर औषधाचा व्यापार होणे अशक्य होते. अमेरिकेतील अ‍ॅमजेन कंपनीचे फू-कुएन लिन यांनी या प्रथिनाच्या रचनेवरून जनुकाचा माग काढला. हे जनुक भरपूर चालू असलेला अवयव हाताशी नसल्याने त्यांनी जिनोमिक ग्रंथालय धुंडाळले आणि १९८३ मध्ये जनुक हाती लागले. त्यात निरर्थक मजकूर होताच. जिवाणूंना तो वगळता येत नाही. उत्पादनासाठी हॅमस्टर प्राण्याच्या पेशी वापरल्या गेल्या.

१९८७ मध्ये पेटंट मिळाले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवाना. जेनेटिक्स इन्स्टिट्यूट ही प्रतिस्पर्धी कंपनी न्यायालयीन लढ्यात उतरली. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने अ‍ॅमजेनच्या बाजूने निकाल दिला. जनुकाचे नाव किंवा ते मिळविण्याची कल्पना पुरेशी नाही, ते प्रत्यक्ष वेगळे करून त्याची ओळख पटवावी लागते, असा त्याचा आशय होता.

व्यापाराच्या दृष्टीने बोध सरळ आहे. ग्रंथालय तयार करणे हा खर्चाचा एक भाग; त्या लाखो तुकड्यांतून नेमका एक शोधणे हेच खरे भांडवल. ज्याने तो आधी शोधला, त्यालाच पेटंटची मुदत संपेपर्यंत बाजार मिळाला आणि रुग्णाने मोजलेली किंमतही तेथेच ठरली.