खालून वाचायचं कोटेशन

डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर या शतकाच्या सुरुवातीला संगणक क्लासच्या पाट्या वाढू लागल्या. 2001 साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं, त्यांचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र लागू लागलं. शिक्षक, कारकून, नोकरीच्या शोधातली मुलं असे सगळे क्लासला जाऊ लागले. सरावासाठी घरी मशीन हवं, आणि ते निवडायचं कसं हे मात्र कुठल्याच धड्यात नव्हतं. मानपाडा रोडच्या परिसरातल्या मध्यमवर्गीय घरांची ही अडचण पंचवीस वर्षांत संपलेली नाही. तिचं रूप तेवढं बदलत गेलं.

सुरुवातीचा प्रश्न ठरलेला असे: ब्रँडेड की असेंबल, म्हणजे सुटे भाग जोडून केलेलं? ब्रँडेड महाग, म्हणून बहुतेक जण असेंबलकडे वळत. ज्याच्या ओळखीत हार्डवेअरवाला मुलगा असे तो दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरे आणि लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारातून भाव काढून आणी. बाकीचे जवळच्या दुकानातून कोटेशन घेत. ते कोटेशन आठवून पाहण्यासारखं आहे. सगळ्यात वर प्रोसेसर: पेंटियम-4, पुढे गिगाहर्ट्‌झचा आकडा. त्याखाली मदरबोर्ड, 128 एमबी रॅम, 40 जीबी हार्ड डिस्क, सीडी रायटर, 15 इंची मॉनिटर. तळाशी एका शब्दात ‘कॅबिनेट’. चर्चा सगळी पहिल्या ओळीवर व्हायची. शेजाऱ्याकडे 1.7 असेल तर आपल्याकडे 2.4 हवा.

मशीन किती वर्षं चालणार हे मात्र तळाच्या ओळीवर ठरत होतं. त्या ‘कॅबिनेट’मध्येच एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, यायचा. स्टिकरवर 400-450 वॅट छापलेलं असायचं, पण हातात घेतलं की डबा हलका लागायचा. आत तांब्याचं आणि उष्णता शोषणाऱ्या धातूचं वजनच नसे. त्यातच त्या काळात जगभर सदोष कपॅसिटर बाजारात आले होते. मशीन मधूनच रिस्टार्ट व्हायला लागलं की बाजूचं झाकण काढायचं आणि मदरबोर्डवर बघायचं: कपॅसिटरचं सपाट डोकं फुगलेलं, कधी त्यातून तपकिरी थेंब बाहेर आलेला. दुकानदार ‘व्हायरस असेल’ म्हणून फॉरमॅट मारून द्यायचा, आठवड्यात पुन्हा तेच. एसएमपीएसवर पाच-सातशे रुपये जास्त घातले असते तर ती मशीनं बरीच जास्त चालली असती, असं मला आजही वाटतं.

नंतर लोडशेडिंगची वर्षं आली. वर्तमानपत्रात भारनियमनाचं वेळापत्रक छापून यायचं, पण वीज त्याच वेळेला जाईल याची खात्री नव्हती. यूपीएस ही कोटेशनमध्ये नसलेली ओळ, ‘नंतर घेऊ’ म्हणून सोडलेली. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये सात एएचची एक बॅटरी असते. ती जड काचेच्या मॉनिटरसकट दहा-पंधरा मिनिटं धरायची, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती. तेवढी मिनिटं नसल्यामुळे कितीतरी हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर पडले आणि शिक्षकांच्या तयार प्रश्नपत्रिका गेल्या.

प्रश्नपत्रिकेवरून मराठीचं सांगायलाच हवं. नवं मशीन घेताना ‘यावर मराठी टाइप होईल का?’ असं विचारलं की दुकानात उत्तर नसे. विंडोज एक्सपीत युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं उघडणारं, मराठी होतं, पण ते चालू करायला सीडी घालून वेगळ्या फाइली टाकाव्या लागत. ते ठाऊक नसल्याने लोक मिळेल तो फॉन्ट टाकत आणि एका मशीनवरचं पत्र दुसऱ्यावर उघडलं की अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोडची सोय चालू करून देणं पाच मिनिटांचं काम होतं. ते गिऱ्हाइकाला कुणी करून दिलं नाही, याचं वाईट वाटतं.

पुढचं दशक तसं झपाट्यानं गेलं. जाड मॉनिटर गेले, लॅपटॉप आणि मोबाइल आले, बऱ्याच दुकानांत काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरं लागली. 2011 मध्ये थायलंडात पूर आला आणि हार्ड डिस्कचे भाव इथेही चढले.

मार्च 2020 मध्ये कोविडचं लॉकडाउन लागलं, शाळा घरात आली आणि डेस्कटॉप पुन्हा हवासा झाला. नवे भाग मिळेनात, वेबकॅमचा तुटवडा, म्हणून कंपन्यांतून निघालेली जुनी मशीनं दुरुस्त होऊन विकली गेली. पाटी एकच: ‘आय-5’. पुढचा आकडा कुणी विचारला नाही, आणि खरी माहिती तिथेच होती. आय5-4570 हा चौथ्या पिढीचा, 2013चा. आय5-12400 बाराव्या पिढीचा, 2022चा. बाराव्या पिढीतला साधा आय-3सुद्धा त्या जुन्या आय-5ला सहज मागे टाकतो. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला.

आज पहिलंच मशीन घेणाऱ्यानं कोटेशन खालून वर वाचावं, असं माझं ठाम मत आहे. आधी एसएमपीएसची कंपनी आणि वॉरंटी, मग यूपीएस. डिस्क एसएसडीच हवी, पुढे रॅम वाढवायला बोर्डावर एक खाच रिकामी हवी, आणि प्रोसेसर शेवटी, पूर्ण आकड्यासह. जीएसटीचं पक्कं बिल सोडू नये, कारण भागांची वॉरंटी मागताना तेच लागतं. 2025च्या अखेरीस डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. तरी घरकामाला आणि अभ्यासाला 8 जीबीवर सुरुवात करता येते.

लॉकडाउनमध्ये घेतलेली ती चौथ्या पिढीची मशीनं भंगारात घालू नयेत. हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी घातली आणि लिनक्स टाकलं तर ती शाळेच्या कामाला अजून पुरतात. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात सेटिंगमध्ये जाऊन नुसता निवडायचा असतो.