बाण सुटल्यावर

"घट्ट धर गं, पडेल!" असं मैदानाच्या कडेला बसून मी किती वेळा ओरडलो असेन, त्याची गणती नाही. नात एकोणीस वर्षांची, हातात रिकर्व्ह धनुष्य. टोकं पुढे वळलेलं, ऑलिंपिकमध्ये चालतं ते. आमच्या सातारा जिल्ह्यातला, सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 साली टोकियोला हेच धनुष्य घेऊन उतरला आणि धनुष्यबाण ही आमच्याकडे केवळ गॅदरिंगमधल्या रामायणाची चीज राहिली नाही. (आदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये जगज्जेती झाली ती कंपाउंडवर, त्याला कप्प्या असतात, ते प्रकरण निराळं.) नातीच्या धनुष्यासाठी मी एक मुदत ठेव मोडली. जन्म बँकेत काढलेल्या माणसाला ठेव मोडताना काय होतं, ते बँकवाल्यांनाच कळेल. आणि ही पोरगी बाण सोडला की धनुष्यही सोडून द्यायची!

अगदी हातातून. बाण जाताच ते पुढे उडी घेई, समोर निघालेला लांब दांडा जमिनीकडे झुके, वरचं टोक पुढे कलंडे आणि सगळं धूड अंगठा नि तर्जनी यांमध्ये बांधलेल्या एका नाडीवर लोंबत राही.

त्यामागचं गणित मला पुढे कळलं. दोरी ताणलेली असताना धनुष्य आपणहून तळहाताच्या अंगठ्याकडच्या भागावर दाबलं जातं. धरायची गरजच नसते. दोरी जागेवर येऊन थबकली की पात्यांचा उरलेला वेग सगळ्या धनुष्याला पुढे खेचतो. शिवाय त्या दांड्यामुळे, म्हणजे स्टॅबिलायझरमुळे, तोल मुठीच्या पुढे गेलेला असतो, म्हणून नाक खाली. दांड्याचं काम डोंबाऱ्याच्या हातातल्या काठीचं: धनुष्याला चटकन वळू न देणं. टोकाचं वजन दुप्पट अंतरावर नेलं तर त्याचा हा विरोध चौपट होतो. चक्रवाढीची सवय असलेल्या मला हा हिशेब फार आवडला.

पुढे एका दिवाळीनंतर तिचे बाण आडवे पसरू लागले. 70 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं, या कडेपासून त्या कडेपर्यंत कोन भरतो एका अंशाचा दहावा भाग. मी उपाय केला तो पैशाचा. दांड्याच्या टोकाला जड वजनं आणली. दुकानदार खूश. आठवड्यात तिचा खांदा दुखायला लागला आणि बाण होते तिथंच.

मग तिच्या सरांनी मला बाजूला उभं केलं. म्हणाले, "काका, बाण कुठं गेला ते बघू नका. धनुष्याकडे बघा." बघितलं. उडी नव्हतीच. दांडा एका अंगाला झटका देऊन वळत होता आणि बोटं मुठीवर आवळलेली.

मी वाद घातला. बाण तर गेला होता, नंतर मूठ आवळली तर त्याचं काय बिघडतं? सर हसले. सुटल्यावर दोरी बाणाला ढकलते ती फार तर 15 ते 20 मिलिसेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलायला लागतो सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणजे बाण सुटताक्षणी जी मूठ आवळलेली दिसते, ती सुटल्याचं पाहून आवळलेली नसते. सुटणार, या धास्तीनं आधीच आवळायला लागलेली असते, आणि त्या वेळी बाण दोरीवरच असतो. धनुष्य नंतर कसं पडतं, ती त्या बाणाची स्थळप्रत.

"धरायला कधीपासून लागलीस गं?" सरांनी विचारलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबांनी एफडी मोडलीय ना, सर. पडलं तर?"

मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं तिथून उठलो.

दोन महिने सरांनी तिला पाच मीटरवरून, कागद न लावलेल्या गवताच्या गठ्ठ्यावर, डोळे मिटून बाण मारायला लावले. त्या वर्षीची निवड हुकली. घरात त्यावर कोणी बोललं नाही, तिनंही नाही. आता मी मागच्या बाजूला, झाडाखाली बसतो. तिथून निशाण दिसत नाही. कालच्या सरावात दांडा सरळ खाली गेला, धनुष्य नाडीवर झुललं, आणि तिनं दुसऱ्या बाणाला हात घातला.

ती जड वजनं दुकानदारानं परत घेतली नाहीत. कादंबरीच्या पानांवर ठेवली आहेत. पंख्याच्या वाऱ्यात चांगली बसतात.