फारोचे कारागीर संपावर जातात

इजिप्त म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात पिरॅमिड, ममी आणि तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा. मला मात्र तिथलं एक लहानसं खेडं अधिक ओढ लावतं. देर अल मदिना. नाईलच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सॉरसमोर, उजाड टेकड्यांच्या कुशीत जेमतेम सत्तर घरांची ही वस्ती. 'राजांच्या दरी'तल्या कबरी खोदणारे, कोरणारे, रंगवणारे कारागीर इथं पिढ्यान्‌पिढ्या बायकापोरांसह राहिले. गावात विहीर नाही, पाणी गाढवांवरून यायचं. कपडे धुवायला मात्र सरकारी धोबी!

१९२२ ते १९५१ या काळात बर्नार्ड ब्रुयेर या फ्रेंच संशोधकानं हे गाव खणून काढलं. इथं खापराच्या नि चुनखडीच्या हजारो कपच्या मिळाल्या. पपायरस महागाचा, म्हणून रोजची टिपणं या कपच्यांवर. दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षाचा हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं कारकुनानं लाल शाईत नोंदवली आहेत. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे दुखत होते, कुणाला आईच्या प्रेताला कापड गुंडाळायचं होतं, तर कुणाला घरी बीर गाळायची होती. बायकोची किंवा मुलीची पाळी हेसुद्धा कारण चाले!

नाउनाख्त नावाची इथलीच एक आई. आठ मुलं वाढवली. म्हातारपणी ज्यांनी विचारपूस केली नाही, त्यांना आपल्या मालमत्तेत वाटा नाही, असं तिनं पंचांसमोर लिहून ठेवलं. सेवा करणाऱ्या एका मुलाला काशाचं भांडं जास्तीचं दिलं. तीन हजार वर्षांपूर्वीची बाई, पण ओळखीची वाटते की नाही?

यांचा पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला सुमारे ३०० लिटर गहू आणि ११५ लिटर जव. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ११५५ च्या सुमारास, हा शिधा थकला. हत्यारं खाली ठेवून कारागीर चौक्या ओलांडून निघाले आणि तिसऱ्या थुटमोसच्या मंदिरामागे बसून राहिले. अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. आमचं गाऱ्हाणं फारोपर्यंत पोचवा, एवढंच त्यांचं म्हणणं. अमेननाख्त या लेखनिकानं ही हकिगत लिहून ठेवली. तो पपायरस इटलीत तुरिनला आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातला पहिला संप मानतात. ज्या राजाला ही माणसं देव मानत, त्याच्याच दारात हक्काचं मागायला बसली, याचं मला पिरॅमिडहून जास्त अप्रूप वाटतं.

थोडं धान्य मिळालं, पुन्हा थकलं, पुन्हा संप झाला. पुढे नवव्या रामसेसच्या काळात कबरी फोडल्याच्या चौकशीत याच गावची काही माणसं आरोपी म्हणून उभी राहिली. त्यानंतर लिबियन टोळ्यांची धास्ती वाढत गेली. उरलेली कुटुंबं घरं सोडून मेदिनेत हाबूच्या तटबंदीआड राहायला गेली. ते मंदिर तिसऱ्या रामसेसचंच.