रस्ता कुठून मोजायचा?

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सचा पहिला अवतार चालवला, तेव्हा त्यात पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचे रस्ते, नव्हतेच. डिरेक्टऱ्या होत्या, पण सिस्टीम कॉलला द्यायचे ते एकच सुटे नाव, स्लॅशशिवायचे. कर्नल ते फक्त सध्याच्या डिरेक्टरीत शोधायचा. ज्या मल्टिक्स प्रकल्पातून ही मंडळी बाहेर पडली होती, तिथे > या चिन्हाने जोडलेले लांबलचक पाथ होते. तेव्हा कल्पना कुणाला सुचली नव्हती असे नाही.

मग दुसऱ्याच्या फाइलपर्यंत पोचायचे कसे? ‘डीडी’ नावाची एक डिरेक्टरी होती, तिच्यात सगळ्यांच्या डिरेक्टऱ्यांच्या नोंदी. एखाद्याला केनची फाइल हवी असेल तर आधी डीडीमधून केनच्या डिरेक्टरीची लिंक आपल्याकडे करून घ्यायची, तिच्यातून फाइलची लिंक करायची आणि मधली लिंक पुसून टाकायची. शिवाय यंत्र चालू असताना नवी डिरेक्टरी तयार करण्याची सोयही नव्हती. कागदी टेपवरून फाइलसिस्टीम पुन्हा उभारताना मिळतील तेवढ्याच. उपडिरेक्टऱ्यांच्या वाटेला फारसे कुणी जात नसे, हे ओघानेच आले.

त्याच काळातला एक किस्सा रिचींनी पुढे लिहून ठेवला. युनिक्समध्ये नवी प्रोसेस जन्माला घालणारा फोर्क हा कॉल आला, प्रत्येक कमांड वेगळ्या प्रोसेसमध्ये चालू लागली, आनंदीआनंद झाला आणि डिरेक्टरी बदलणारी सीएचडिर कमांड बंद पडली. कोड पुन्हा पुन्हा वाचून झाला. त्यात चूक नव्हतीच. कमांड डिरेक्टरी नीट बदलत होती, पण स्वतःच्या प्रोसेसची. ती प्रोसेस लगेच संपायची आणि शेल होता तिथेच राहायचा. म्हणून सीएचडिर शेलच्या पोटात घ्यावी लागली. आजची सीडी कमांड शेलच्या आतच असते, ती याच कारणाने.

युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर आल्यावर स्लॅशवाले पाथ आले. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये ते दिसतात. १९७५च्या सहाव्या आवृत्तीत कर्नलमधले ‘नेमआय’ हे फंक्शन पाथचा अर्थ लावते. पहिले अक्षर स्लॅश असेल तर सुरुवात रूटपासून, म्हणजे सर्वांत वरच्या डिरेक्टरीपासून, नसेल तर प्रोसेसच्या सध्याच्या डिरेक्टरीपासून. निरपेक्ष आणि सापेक्ष पाथ यांच्यातला सगळा फरक एवढ्या एका तपासणीत संपतो. पुढची चाल दोघांचीही सारखीच: एकेक डिरेक्टरी उघडायची, नाव शोधायचे, पुढे जायचे.

१९७९च्या सातव्या आवृत्तीतल्या सीएचरूटने रूटही प्रोसेसपुरता बदलता येऊ लागला. म्हणजे निरपेक्ष पाथसुद्धा कशाच्या तरी सापेक्षच ठरला. लोकांनी सीएचरूटचा तुरुंग केला, आणि तो कच्चा निघाला. हा कॉल रूट बदलतो, सध्याची डिरेक्टरी बदलत नाही. पुरेसे अधिकार असलेली प्रोसेस बाहेरच्या डिरेक्टरीत पाय ठेवून दोन टिंबांच्या, म्हणजे ‘एक पायरी वरची डिरेक्टरी’ या नावाच्या वाटेने वर सटकते. सुरक्षेसाठी हा कॉल नाही, असे लिनक्सचे मॅन्युअलच बजावते. तरीही वर्षानुवर्षे तो त्यासाठी वापरला गेला.

४.२ बीएसडी या युनिक्सच्या अवताराने १९८३ साली दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या सिंबॉलिक लिंक आणल्या आणि पाथवरचा भरवसा आणखी पातळ झाला. सर्वाधिकारी प्रोग्रामने टेम्पमधली फाइल तपासायची आणि मग उघडायची. मधल्या क्षणात कुणी वाटेतली डिरेक्टरी काढून तिथे लिंक ठेवली, तर तोच पाथ भलत्याच फाइलवर जातो. थ्रेड आल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. सध्याची डिरेक्टरी साऱ्या प्रोसेसला मिळून एकच, त्यामुळे एका थ्रेडने ती बदलली की बाकीच्यांचे सापेक्ष पाथ बिघडतात.

यावर उतारा मिळाला तो ओपनॲटसारख्या कॉल्समध्ये. आधी डिरेक्टरी उघडून तिचा डिस्क्रिप्टर हाती घ्यायचा आणि सापेक्ष पाथ तिथून मोजायचा. वरच्या डिरेक्टऱ्यांची नावे कुणी बदलली तरी डिस्क्रिप्टर त्याच डिरेक्टरीला धरून राहतो. सोलारिसमध्ये हा कॉल आधी आला, लिनक्समध्ये २००६ साली २.६.१६ आवृत्तीत, आणि पॉझिक्स मानकात २००८ साली. पण निरपेक्ष पाथ दिला की ओपनॲट डिस्क्रिप्टरकडे ढुंकूनही पाहत नाही. फ्रीबीएसडीच्या कॅप्सिकमने बंदिस्त प्रोसेसला निरपेक्ष पाथ वापरायलाच मनाई केली. लिनक्सने २०२०च्या ५.६ आवृत्तीत ओपनॲट२ आणला. ठरवलेल्या डिरेक्टरीबाहेर पाथ जाऊ लागला तर तो विनंती नाकारू शकतो.

तरी जानेवारी २०२४मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मोठी फट उघड झाली. यजमान यंत्रावरच्या एका डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर कंटेनरच्या आत गळत होता. कंटेनरची सुरुवातीची डिरेक्टरी त्याच्यावर बेतली की दोन टिंबांनी थेट यजमानाच्या फाइल गाठता येत. १.१.१२ आवृत्तीने गळती बंद केली आणि सध्याची डिरेक्टरी कंटेनरच्या आतच आहे ना, हे तपासायला सुरुवात केली.

फाइल उघडणारा जुना ओपन कॉल मात्र मागे पडला आहे. आर्म-६४ प्रोसेसरवरच्या लिनक्स कर्नलमध्ये तो वेगळा सिस्टीम कॉल म्हणून नाहीच. बहुतेक अँड्रॉइड फोन अशाच प्रोसेसरवर चालतात, आणि त्यांतल्या ॲपने साधे ओपन म्हटले तरी कर्नलपर्यंत पोचतो तो ओपनॲट.