एका डॉलरला किती रुपये?

तुमच्या गावच्या सलूनमध्ये केस कापायला किती वेळ लागतो? वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. अमेरिकेतल्या शिकागो शहरातही तेवढाच लागतो. कात्री तशीच, कंगवा तसाच. असे असूनही तिथल्या एका कटिंगच्या पैशांचे रुपये केले, तर आपल्याकडे एका माणसाचे केस वर्षभर कापून होतील. हे कसे काय?

ज्यांच्या घरातले कोणी परदेशी गेले आहे, त्या घरांत एक गुणाकार नेहमी चालू असतो. दादाला पगार इतके डॉलर, म्हणजे इतके रुपये! गुणाकार बरोबर असतो, पण त्यातून काढलेला अर्थ मात्र फसवा असतो. कारण दादाला केस कापायचे, घरभाडे भरायचे, ते सगळे तिथेच आणि डॉलरमध्येच. ज्या विनिमय दराने आपण गुणतो तो ठरतो परकीय चलनाच्या बाजारात. तेथे तेल, यंत्रे, औषधे, संगणकाची कामे आणि भांडवल यांची देवघेव चालते. तुमच्या गावची कटिंग त्या बाजारात कधीच पोहोचत नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा घोटाळा ओळखीचा वाटेल. एक किलोग्रॅम साखरेची पिशवी ताणकाट्याला अडकवून चंद्रावर नेली, तर काटा पृथ्वीवरच्या खुणेच्या साधारण एक-षष्ठांशावर थांबेल. साखर कमी झालेली नाही, तेथील गुरुत्वाकर्षण कमी आहे. ताणकाट्याऐवजी साधा तराजू नेला असता, तर उत्तर एक किलोग्रॅमच आले असते, कारण साखर आणि माप दोन्ही चंद्रावरच आहेत. विनिमय दराने दोन देशांची मिळकत ताडून पाहणे हे ताणकाट्याचे काम झाले. त्याच वस्तूंना दोन्ही देशांत काय पडते ते पाहणे हे तराजूचे. या दुसऱ्या मापाला क्रयशक्ती समता म्हणतात. हे नाव स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये दिले.

प्रत्यक्ष मोजणी मात्र बरीच उशिरा सुरू झाली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सांख्यिकी कार्यालय आणि अमेरिकेतील पेनसिल्वेनिया विद्यापीठ यांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला. अर्विंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स हे त्याचे प्रमुख. १९७० सालच्या किमतींवर झालेल्या पहिल्या मोजणीत अवघे दहा देश होते. त्यांत भारत होता, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

मोजतात कसे? समजा, जगात दोनच गोष्टी विकत मिळतात, कुकर आणि कटिंग. (आकडे कल्पित आहेत.) कुकर अमेरिकेत ४० डॉलरला आणि भारतात २,६०० रुपयांना मिळतो, म्हणजे डॉलरला ६५ रुपये. कटिंगला तेथे २० डॉलर आणि इथे ८० रुपये. म्हणजे डॉलरला ४ रुपये! कुकर जहाजातून येतो-जातो, म्हणून त्याची किंमत विनिमय दराच्या जवळ राहते. कटिंग जहाजात चढत नाही.

आता सरासरी काढायची, पण कोणाच्या घरखर्चाने? अमेरिकन माणूस वर्षात एक कुकर आणि ६ कटिंग घेतो असे धरू. त्याचा खर्च १६० डॉलर. तीच खरेदी इथे ३,०८० रुपयांत होते. भागाकार १९.२५. भारतीय माणूस, कटिंग स्वस्त असल्याने, एक कुकर आणि १२ कटिंग घेतो. इथे ३,५६० रुपये, तेथे २८० डॉलर. भागाकार सुमारे १२.७. एकाच किमती, पण उत्तरे दोन! दोन्ही खरी आहेत. म्हणून दोहोंचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात. ते येते सुमारे १५.६. खऱ्या मोजणीत शेकडो वस्तू आणि सेवा असतात, आणि ‘तीच वस्तू’ म्हणजे काय यावरच अर्धी भांडणे होतात. ज्वारीची भाकरी सोलापूरकडे रोजची. अमेरिकेत ज्वारीचे पीठ भारतीय दुकानात शोधावे लागते. तिची किंमत धरायची की पावाची?

खरे आकडे असे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या २०१७ सालच्या मोजणीत १७६ अर्थव्यवस्था होत्या. त्या वर्षी बाजारात डॉलरचा सरासरी दर ६५.१२ रुपये होता. क्रयशक्तीने पाहता मात्र डॉलर २०.६५ रुपयांचा भरला. म्हणजे एक डॉलर मोडून भारतात खर्च केला, तर अमेरिकेतील तीन डॉलरहून थोडी अधिक खरेदी होत असे.

गरीब देशांत किंमतपातळी खालची का, याचे उत्तर बेला बालास्सा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. अमेरिकन कारखान्यातला कामगार यंत्रांच्या जोरावर तासाला पुष्कळ अधिक माल काढतो. त्या मालाला जगभर साधारण सारखाच भाव, म्हणून त्याची मजुरी मोठी. तेथल्या सलूनवाल्याने मजुरी कमी दिली, तर त्याचा कारागीर उठून कारखान्यात जाईल. म्हणून कात्री जुनीच राहूनही कटिंग महागते. आम्हा मास्तरांचेही तसेच आहे. न्यूटनचे नियम दोन्हीकडे तेच, तास तेवढ्याच मिनिटांचा आणि पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक! आपल्याकडच्या स्वस्ताईचे कौतुक करताना ध्यानात घ्या, की गिऱ्हाइकाची स्वस्ताई हीच त्या कारागिराची मिळकत आहे.

हे माप केवळ पंडितांच्या कामाचे नाही. जागतिक बँकेने २०२२ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला माणशी २.१५ डॉलर ठरवली होती. आपले लोक लगेच ६५ ने गुणून म्हणतात, ‘१४० रुपये! मग वाईट काय?’ पण हे डॉलर क्रयशक्तीचे आहेत. त्यांना सुमारे २१ ने गुणायचे. येतात २०१७ च्या भावाने ४५ रुपये. अन्न, वस्त्र, भाडे, औषध, सगळे त्यात.

आणि मापात चूक झाली तर? भारताने १९८५ नंतर बरीच वर्षे अशा मोजणीत पूर्ण भाग घेतला नव्हता, चीनने तर कधीच नव्हता. जुन्या आकड्यांवरून अंदाज पुढे ढकलत नेले जात. २००५ च्या किमती खरोखर मोजल्या गेल्या आणि २००७ च्या डिसेंबरात निकाल आला, तेव्हा दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्था पूर्वीच्या अंदाजापेक्षा जवळजवळ ४० टक्क्यांनी लहान निघाल्या. एकही कारखाना बंद पडला नव्हता! जगातील अतिदरिद्री माणसांची संख्याही पूर्वी समजत होते त्याहून बरीच मोठी निघाली. प्रयोगवहीत त्रुटीचा रकाना का ठेवतात, ते यावरून समजावे.

तराजू चांगला म्हणून ताणकाटा फेकून देऊ नये, हेही सांगायला हवे. आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो. तेल विकणाऱ्याला आपल्याकडच्या कटिंगच्या दराशी कर्तव्य नसते. त्याला बाजारभावाने डॉलर मोजावे लागतात.

एवढे समजल्यावर एक प्रयोग वर्गात करता येईल. त्याला परदेशी जावे लागत नाही. दोन याद्या करा. पहिलीत छापील किमतीच्या वस्तू घ्या. बिस्किटाचा पुडा, मिठाची पिशवी, मोबाइलचा रिचार्ज. दुसरीत सायकलचे पंक्चर, एक किलो ज्वारीचे दळण, कटिंग आणि एका खोलीचे भाडे. आपल्या गावचे दर लिहा आणि मुंबईच्या नातेवाइकांकडून तिथले मागवा. पहिल्या यादीत फरक जवळजवळ दिसणार नाही. दुसऱ्या यादीत तो किती पट येतो ते काढा. सरासरी मात्र दोनदा काढायला विसरू नका. एकदा गावच्या घरखर्चाने आणि एकदा मुंबईच्या.