जुन्या संगणकांची गणना : जठारपेठेचे एक उदाहरण

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबविले. तिच्यानंतरच्या ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी अनेक यंत्रे साहाय्यावाचून उरली. अशी यंत्रे किती व त्यांवर विसंबून असलेली माणसे किती, हे कळल्यावाचून शाळा, कार्यालये वा छपाईची दुकाने यांच्यासाठी कोणतीच तरतूद नेटकी होणार नाही.

संकेतस्थळांना भेट देणाऱ्या यंत्रांच्या नोंदींवरून अनुमान काढण्याची पद्धत रूढ आहे. ती सोयीची खरी. परंतु जे यंत्र इंटरनेटला जोडलेलेच नाही, ते तिच्या दृष्टीस पडत नाही. २०११ च्या खानेसुमारीत भारतातील सुमारे ९.५ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. इंटरनेटसह तो केवळ ३.१ टक्के कुटुंबांकडे होता. म्हणजे संगणक असलेली सुमारे दोनतृतीयांश घरे या पद्धतीने त्या वेळी गळालीच असती. खानेसुमारीने यंत्राचे वयही विचारले नव्हते.

अकोल्याच्या जठारपेठेपुरता विचार करू. डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ साली मत्स्यसंख्येच्या अभ्यासात खूण केलेले मासे पुन्हा पकडण्याची रीत वापरली. तीच येथे उपयोगी पडावी. समजा, दुरुस्तीवाल्यांच्या वह्यांत दहा वर्षांहून जुनी ६० यंत्रे निघाली, घरे व दुकाने हिंडून घेतलेल्या नमुन्यात ५० निघाली आणि त्यांपैकी १५ वह्यांतही होती. नमुन्यातील ३० टक्के यंत्रे वह्यांत आहेत. तेव्हा ६० ही एकूण संख्येच्याही ३० टक्के धरावी, म्हणजे एकूण २००.

मात्र दोन्ही याद्या परस्परनिरपेक्ष असल्या पाहिजेत. रस्त्यावरील दुकानाचे यंत्र दुरुस्तीवाल्यासही ठाऊक असते आणि पाहणी करणाऱ्यासही सहज दिसते. अशी यंत्रे दोहोंत अधिक आली की समान आकडा फुगतो आणि अनुमान वास्तवाहून कमी येते. म्हणून नमुन्यातील घरे व दुकाने चिठ्ठ्या टाकूनच निवडावीत. पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नयेत.

‘वापर’ म्हणजे काय, ही अडचण आम्हांस सर्वांत बिकट वाटते. युनिकोडपूर्व मराठी टंकांतील मजकूर उघडता यावा म्हणून एखादा डीटीपी-चालक जुने यंत्र राखून ठेवतो व महिन्यातून एकदाच सुरू करतो. ते वापरात धरावे काय? आमच्या मते धरावे. गेल्या तीस दिवसांत एकदा जरी सुरू झाले असले तरी पुरे. त्या यंत्रावर चालकाची दोन बोटे फिरत असतील. पण लग्नपत्रिका, अर्ज व प्रतिज्ञापत्रे करून नेणारे गिऱ्हाईक कितीतरी असते. यास्तव पाहणीच्या पत्रकात यंत्र चालविणारे आणि त्याच्याकडून काम करून घेणारे, असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत.